सीपीआरचं धोरण लिहिताना या चुका टाळा

सीपीआर म्हणजे हृदय आणि श्वास थांबल्यावर छाती दाबून माणसाला परत आणायचा प्रयत्न. तो कोणाला करायचा आणि कोणाला नाही, याची वृद्ध शुश्रूषागृहांची धोरणं तपासताना मला सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे कुलपात ठेवलेला कागद.

एका ठिकाणी ९१ वर्षांच्या आजी होत्या. "माझी छाती दाबू नका, शांतपणे जाऊ द्या," असं त्यांनी डॉक्टरांसमोर स्पष्ट सांगितलं होतं. सही झाली, फाइल ऑफिसच्या कपाटात गेली आणि किल्ली मॅनेजरबाईंबरोबर घरी. पहाटे ३ वाजता आजींचा श्वास थांबला. रात्रपाळीची मुलगी नवीन होती. कागद दिसेना, म्हणून तिने शिकवलं होतं तेच केलं: मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी किमान ५ सेंटिमीटर खोल दाब. त्या वयाच्या बरगड्या त्याला टिकत नाहीत. आजी गेल्याच, पण मोडक्या बरगड्यांनिशी. सकाळी लेक आली, तेव्हा ती मुलगी बेसिनपाशी हात धूत होती. कितीतरी वेळ धूत होती. तिचा काडीचाही दोष नव्हता.

तेव्हापासून मी धोरण वाचायच्या आधी रात्रपाळीला जाऊन उभा राहतो. "या आजोबांचं काय ठरलंय, दाखवा." मिनिटभरात कागद हातात आला नाही, तर पुढची पानं मी उघडतच नाही.

दुसरी चूक: डीएनआर ('डू नॉट रिससिटेट', आजींनी सही केली होती तसा कागद) म्हणजे 'काही करू नका' असं समजणं. नाही! हृदय आणि श्वास थांबल्यावर सीपीआर करायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. न्यूमोनियावर औषध, पडल्यावर एक्स-रे, घास अडकला तर पाठीत थापा, हे सगळं चालूच राहतं. धोरणाच्या पहिल्याच पानावर हे ठळक लिहा.

अमुक वयापुढे सरसकट डीएनआर लावू नका. दाखल व्हायच्या दिवशी घाईने सही घेऊ नका. माणूस अजून सामान लावत असतो. फेरविचाराची तारीख टाका. आणि दुसऱ्या संस्थेचं धोरण नाव बदलून वापरणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: त्यात 'ड्यूटी डॉक्टरांना बोलवा' असतं, आणि रात्री तुमच्याकडे डॉक्टर असतोच कुठे?

बहुतेक धोरणं 'सीपीआर नको' इथेच संपतात. माणसाच्या शेवटच्या दिवसांचं काय? ओठ ओले कोण करणार, कूस कोण बदलणार? जेवण आपोआप कमी होतं, तेव्हा जबरदस्तीने भरवायचं नाही, हेही लिहावं लागतं. घशातल्या घरघरीने नातेवाईक हादरतात. ती होऊ शकते हे आधीच, जवळ बसवून सांगा. धाप आणि वेदनेसाठीचं मॉर्फिन डॉक्टरांकडून वेळीच लिहून घ्या, म्हणजे सुट्टीच्या रात्री ते शोधत फिरावं लागणार नाही.