हेल्मेटवरून गॉगल सटकतोय? पट्टा आवळण्याआधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर मुळशीकडच्या एका उतारावर माझा गॉगल घसरून थेट हेल्मेटच्या हनुवटीवर येऊन बसला. डर्ट बाइकच्या पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभा राहून उतरत होतो, खाली सुटे दगड, दोन्ही हात हँडलला. एका डोळ्यासमोर फोमची काळी कड आणि दुसऱ्यात धूळ. गाडी कशीबशी थांबवली, पट्टा थोडा आवळला, निघालो. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. पुन्हा आवळला. तिसऱ्या वेळी नाक इतकं दाबलं गेलं की तोंडाने श्वास घ्यावा लागला, आणि पट्टा तरीही हेल्मेटच्या मागून इंचाइंचाने वर चढतच होता.

घरी येऊन हेल्मेटवरून बोट फिरवलं तेव्हा कळलं. आदल्या रात्री हौसेने हेल्मेट चमकवलं होतं, गाडीच्या डॅशबोर्डला लावतात त्या पॉलिशने. पट्ट्याच्या आतल्या सिलिकॉनच्या रेघांना धरायला काही उरलंच नव्हतं.

म्हणून आधीच सांगतो. गॉगल सटकला की सगळ्यांचा हात पट्ट्याच्या बकलकडे जातो, आणि दोष बहुतेक वेळा तिथे नसतो. (इथे गॉगल म्हणजे लग्नात फोटोपुरता लावायचा काळा चष्मा नव्हे. पुढे काच नसलेल्या, वर चोचीसारखी पीक असलेल्या, कच्च्या वाटांवर चालवायच्या डर्ट बाइकच्या हेल्मेटवर बाहेरून पट्ट्याने बसतो तो.)

चूक पहिली : सुटला की आवळा

एक नारळ घ्या आणि त्याला रबर बँड लावा. बरोबर फुगीर भागावर लावलात तर तो जागचा हलत नाही. जरा टोकाकडे लावा, तो आपोआप टोकाकडे सरकत जाऊन निसटेल. जितका घट्ट बँड, तितका लवकर. हेल्मेट हा नारळच आहे. मागची बाजू मधल्या थोड्या भागात जवळजवळ सरळ उभी असते. त्याच्या वर घुमटासारखा उतार लागतो आणि खाली कवच मानेकडे आत वळतं. पट्टा त्या उभ्या भागावर असेल तर बेताच्या ताणावरही राहतो. उतारावर असेल तर तुम्ही आवळाल तेवढा तो पळेल.

शिवाय जास्त आवळलं की फोम चपटा होतो, नाक दाबलं जातं, फ्रेम वाकते आणि फोमचं गालाशी टेकणं बिघडून नेमकी तिथूनच धूळ आत येते. इलॅस्टिकही सतत पूर्ण ताणलेलं राहून लवकर मरतं. ताण किती हवा? फोम चारी बाजूंनी टेकलेला, मान जोरात हलवली तरी फ्रेम हलत नाही, पण नाकाने निवांत श्वास घेता येतो. एवढाच.

चूक दुसरी : हेल्मेट एका दुकानातून, गॉगल दुसऱ्या

तसं घ्यायला हरकत नाही, पण दुसऱ्या दुकानात जाताना हेल्मेट काखेत असू द्या. नाना पेठेत गॉगल नुसता डोळ्यांवर धरून, आरशात बघून घेणारे मी बघितलेत. मीही त्यातलाच होतो. चेहऱ्यावर गॉगल छान बसला म्हणजे हेल्मेटच्या खिडकीत, म्हणजे चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत, बसेलच असं नाही. फ्रेम खिडकीपेक्षा उंच असली की हेल्मेटची वरची कड, म्हणजे कपाळावरचा भाग, फ्रेमला सतत खाली ढकलत राहते. खड्डा आला की हेल्मेट जरा खाली दबतं आणि गॉगल नाकावर उतरतो. याला पट्टा काय करणार?

दुकानात करायची तपासणी साधी आहे. हेल्मेट घाला, हनुवटीचा पट्टा डी-रिंगमधून, म्हणजे डी आकाराच्या दोन कड्यांमधून, नेऊन बांधा, मग गॉगल लावा. आता हेल्मेट दोन्ही हातांनी धरून हलकेच वरखाली करा. गॉगल हेल्मेटबरोबर ओढला जात असेल तर तो तुमच्या हेल्मेटचा नाही. फ्रेमच्या वर आणि खाली थोडी तरी फट दिसली पाहिजे.

यात ड्युअल स्पोर्ट, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या, काच आणि पीक असलेल्या हेल्मेटवाल्यांची वेगळी अडचण असते. काच काढून गॉगल लावता येतो असं सांगून ती हेल्मेटं विकली जातात आणि ते खरंही आहे, पण खिडकीचा आकार प्रत्येकाचा वेगळा. मोठ्या लेन्सचा मोटोक्रॉस गॉगल काहींत कोपऱ्यांना अडतोच. काच नुसती वर करून खाली गॉगल लावणं तर आणखी वाईट. काचेची कड आणि पट्टा एकमेकांना खातात.

फ्रेमच्या दोन्ही टोकांना हलणारे प्लास्टिकचे कान असतात, ज्यांना पट्टा अडकवलेला असतो. कंपन्या त्यांना आउटरिगर म्हणतात. ते शोभेचे नाहीत. हेल्मेट चेहऱ्यापेक्षा बरंच रुंद, त्यामुळे पट्टा फ्रेमपासून तिरका बाहेर निघतो. कान नसतील तर तो फ्रेमची टोकं बाहेर खेचतो आणि कानशिलाजवळचा फोम चेहऱ्यापासून उचलला जातो. कान असले की ओढ बाहेरच्या बाजूने सुरू होते आणि फ्रेम सरळ चेहऱ्यावर दाबली जाते. जुन्या धाटणीचे, चामड्याच्या कडांचे गॉगल उघड्या तोंडाच्या हेल्मेटवर दिसतात झकास, पण त्यातल्या बहुतेकांना हे कान नसतात. संथ रस्त्यावर चालून जाईल, कच्च्या ट्रेलवर नाही.

चष्मा असेल तर चष्म्यावरून घालायचाच गॉगल घ्या. त्याच्या फोमला काड्यांसाठी खाच असते. क्रम : हेल्मेट, मग चष्मा, मग गॉगल. साध्या गॉगलखाली चष्मा कोंबला की काड्या फोम उचलून धरतात आणि दगडागणिक सगळंच एक इंच इकडेतिकडे होतं.

चूक तिसरी : पट्ट्याच्या वाटेत सामान

डाव्या बाजूला चालवताना बोलायचा इंटरकॉम, उजवीकडे कॅमेऱ्याचा चिकटवलेला माउंट, मागे क्लबचा स्टिकर. मग पट्टा बसणार कुठे? हेल्मेटच्या दोन्ही अंगांना पट्ट्यासाठी बहुधा उथळ खोबण किंवा सपाट जागा ठेवलेली असते. ती मोकळी ठेवा. इंटरकॉमच्या क्लिपवरून गेलेला पट्टा एका कडेवर उभा राहतो, अर्धीच सिलिकॉनची रेघ टेकते, आणि हळूहळू त्या बाजूने सुटायला लागतो. स्टिकरचं उचकटलेलं टोकही तेवढंच त्रास देतं.

मागच्या बाजूला हवेच्या खिडक्यांवर बाहेर आलेली पट्टी, स्पॉयलर, असेल तर पट्टा तिच्या खालून. काही हेल्मेटांना मागे पट्टा अडकवायची क्लिप किंवा खाच असते, ती असेल तर वापरा. गुलमर्गला स्कीइंगला गेलेल्यांनी स्कीच्या हेल्मेटवर मागे असा फास किंवा क्लिप पाहिली असेल. डर्ट बाइकच्या हेल्मेटवर ती कमी दिसते.

आणि बकल्स. दोन्ही बाजूंची बकल्स मध्यापासून सारख्या अंतरावर आहेत का, हे कोणी बघतच नाही. एकीकडची दोन इंच सरकलेली असली की गॉगल तिरपा बसतो आणि आपण त्याला हाताने सरळ करत बसतो. जमिनीवर पसरून मोजायला अर्धा मिनिट लागतं.

चूक चौथी : गुळगुळीत हेल्मेट, मळलेला पट्टा

पॉलिशची गोष्ट सांगितलीच. मेण, फर्निचर स्प्रे, चेन ल्यूबचे हात हे सगळे त्याच घरचे. हेल्मेटला सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं. पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका, कवचाचं प्लास्टिक त्याने कमजोर होतं.

दुसरी बाजू पट्ट्याची. आपल्याकडची लाल माती पीठ होऊन सिलिकॉनच्या रेघांवर बसते. हात फिरवला तर रेघा चिकट लागायला हव्यात. पावडर लावल्यासारख्या लागल्या तर ओल्या फडक्याने पुसा. पावसात चिखलाचा थर चढतो आणि भिजलेलं इलॅस्टिक सैलही वाटतं, म्हणून ओढा पार करून आलात की पट्ट्याची जागा एकदा हाताने चाचपा. फक्त जागा. आवळू नका, वाळल्यावर ते परत आखडतं.

पट्टा पूर्ण आवळूनही ढिलाच वाटत असेल तर इलॅस्टिक संपलंय. बऱ्याच गॉगलचे पट्टे वेगळे मिळतात. नवा गॉगल घेण्याआधी विचारून बघा.

चूक पाचवी : कायमचा बंदोबस्त

सगळ्यात जास्त राग मला या चुकीचा येतो. ड्रिल घेऊन हेल्मेटला भोक, त्यातून झिप टाय, झालं काम! भोक पाडलं की कवच त्या जागी फुटायला मोकळं. भारतात १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, पण तो शिक्का तपासला गेलेल्या हेल्मेटचा आहे. तुम्ही भोक पाडल्यावरच्या हेल्मेटचा नाही. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचंही तसंच, त्यातली रसायनं प्लास्टिकला खातात.

आणि भोक न पाडता घट्ट बांधला तरी प्रश्न उरतोच. पडल्यावर गॉगल सुटून जायला हवा. जमिनीवर घासत जाताना फ्रेम फांदीत किंवा दगडात अडकली आणि ती हेल्मेटला पक्की बांधलेली असली, तर पिरगळली जाते ती मान. हेल्मेटच्या युरोपीय मानकात कवचावर बाहेर आलेल्या भागांची वेगळी चाचणी असते ती याचसाठी. गॉगल चालवताना टिकला पाहिजे आणि आपटल्यावर सुटला पाहिजे. हे दोन्ही घर्षणाने जमतं.

क्रमात होणाऱ्या बारीक चुका

काही जण गॉगल आधी हेल्मेटला अडकवून ठेवतात आणि टोपीसारखं सगळं एकदम डोक्यात घालतात. फोम दुमडतो, कपाळावर केस अडकतात. हेल्मेट, डी-रिंग, मग गॉगल. एका हाताने फ्रेम चेहऱ्यावर धरून ठेवा, दुसऱ्याने पट्टा मागे न्या आणि तळवा फिरवून तो कुठे पिळलाय का ते बघा. हातमोजे सगळ्यात शेवटी, नाहीतर पीळ हाताला कळत नाही. बालाक्लाव्हा (डोकं-तोंड झाकणारी कापडी टोपी) किंवा तोंडाला बांधलेला रुमाल फोमखाली आला तर तो आधी बाहेर काढा. कापडावर बसलेला फोम कधीच जागेवर राहत नाही.

चहाला थांबलं की गॉगल कपाळावर, पीकच्या खाली चढवायची सवय मोडणं मला स्वतःला अजून जमलेलं नाही. घामाने फोम भिजतो, पट्टा वरच्या उतारावर जातो आणि निघताना नुसती फ्रेम खाली ओढली जाते, मागचा पट्टा वरच राहतो. पुढच्या दहा मिनिटांत सटकणार हे नक्की. खाली आणलात तर मागचा पट्टाही हाताने खाली घ्या. आणि आरशाला लटकवू नका. पेट्रोल पंपावर माझा एक गॉगल असाच राहिला, पुढच्या गावात पोचेपर्यंत लक्षातही आलं नाही.

लक्षणावरून ओळखायचं तर

फक्त उतारावर घसरतो, सपाटीला नाही : फ्रेम खिडकीत उंच होतेय, पट्ट्याला हात लावू नका. एकाच बाजूने सुटतो : बकल्स मोजा, मग इंटरकॉमची क्लिप बघा. मागून वर चढतो : पट्टा उभ्या भागाच्या वर लागलाय किंवा कवच गुळगुळीत आहे. मागून खाली येतो : मानेकडच्या वळणावर गेलाय, किंवा इलॅस्टिक गेलंय. नवा होता तेव्हा बसायचा, आता नाही : धुवून बघा, मग नवा पट्टा.

धुताना लेन्स काढून ठेवा, पट्टा कोमट साबणाच्या पाण्यात हाताने चोळा. मशीन नको, ब्लीच नको. ब्रशही नको, सिलिकॉनच्या रेघा निघून येऊ शकतात. सावलीत वाळवा आणि वाळवताना दोरीला चिमटे लावून ताणू नका, नुसता लोंबता ठेवा. माझ्या आईने एकदा माझा गॉगल साडीशेजारी चार चिमट्यांत ताणून गच्चीवर उन्हात घातला होता. संध्याकाळी तो पट्टा माझ्या हेल्मेटला सोडा, घागरीलाही ढिला झाला असता.