रेकॉर्ड धुतली तरी खरखर? या चुका टाळा

नागपूरच्या इतवारीतल्या कबाड्याकडून आणलेला किंवा आजोबांच्या कपाटातून निघालेला रेकॉर्डचा गठ्ठा समोर आला, की हात आपोआप ओल्या फडक्याकडे जातो. जरा थांबा. रेकॉर्डवरची खाच जेमतेम केसाएवढी रुंद असते आणि सुई तिच्या दोन्ही भिंतींना टेकून चालते. त्यामुळे त्या खाचेत जे काही वाळून बसतं ते सगळं ऐकू येतं, मग ती धूळ असो, भांड्यांचा साबण असो की आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार. पुष्कळ रेकॉर्ड मळानं कमी आणि धुण्यानं जास्त बिघडतात, त्या यामुळेच.

स्पिरिट लावण्याआधी तबकडी ओळखा

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फर्निचरला पॉलिश करणारा कारागीर चपडा कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये. जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या त्याच चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या असतात. त्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळलेली असते. अशा तबकडीवर स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवलं की फडकं काळं होतं आणि माणूस खूश होतो, 'बापरे, किती मळ निघाला!' मळ कुठला भाऊ, गाणं निघालं.

विनाइलची, म्हणजे प्लास्टिकची, ३३⅓ फेऱ्यांची एल.पी. (लाँग प्ले) अमेरिकेत १९४८ मध्ये आली, पण आपल्याकडे ७८ च्या तबकड्या साठच्या दशकातही निघत होत्या. म्हणून एकाच घरच्या गठ्ठ्यात दोन्ही प्रकार हमखास सापडतात. ७८ ची तबकडी बहुधा १० इंची, जड आणि ताठ असते, एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं एकच गाणं असतं. ओळखण्यासाठी वाकवून बघू नका, तडकेल. लेबल वाचा.

लाखेची तबकडी धुवायची तर शुद्ध, म्हणजे डिस्टिल्ड, पाण्यात एखादा थेंब साबण, भराभर हात आणि लगेच टिपून कोरडी. भिजत ठेवायची नाही. चीर गेलेली असेल तर पाणी लावूच नका, कोरड्या मऊ ब्रशवर भागवा.

नळाचं पाणी, बोअरचं पाणी

उन्हाळा संपताना कूलरच्या जाळीवर पांढरा थर चढलेला असतो, तो एकदा नखानं खरवडून बघा. रेकॉर्ड बोअरच्या पाण्यानं धुवून वाळवली तर खाचेत हेच बसतं. ऑटो पार्ट्सच्या दुकानात बॅटरीत टाकायचं शुद्ध पाणी मिळतं, ते आणा. घेताना कॅनवरचं नीट वाचा. त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं.

विनाइलसाठी माझी पद्धत साधी आहे. टेबलावर जाड टॉवेल, त्यावर रेकॉर्ड. लेबलचा व्यास १० सेंटीमीटर असतो. तेवढंच किंवा किंचित मोठं डब्याचं झाकण त्यावर पालथं ठेवून एका हातानं दाबून धरा, म्हणजे कागद भिजत नाही. अर्धा लिटर शुद्ध पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पुरेत. फेस दिसला म्हणजे साबण जास्त झाला. मऊ ब्रश किंवा मायक्रोफायबरचं फडकं खाचांच्या दिशेनं, गोल गोल फिरवा. मधून कडेकडे आडवं घासलं तर घाण खाचेच्या काठावर जमते आणि खडा असेल तर ओरखडा पडतो. बोटांचे तेलकट डाग हटत नसतील तर आयसोप्रोपिल मिसळा, पण चौथ्या हिश्श्याच्या वर नको.

आणि मग ज्याचा सगळ्यांना कंटाळा येतो ते काम: दुसरं स्वच्छ फडकं आणि नुसतं शुद्ध पाणी घेऊन दोनदा पुसून काढायचं. हे टाळायचं असेल तर धुऊच नका, खरंच. साबण राहिलेली रेकॉर्ड धुळीच्या रेकॉर्डपेक्षा वाईट वाजते. नंतर ताटाळ्यात उभी करून ठेवा. पंखा बंद, नाहीतर खोलीतली सगळी धूळ ओल्या खाचेत.

खोबरेल तेल, फर्निचरचा स्प्रे, कारचं पॉलिश यांनी रेकॉर्ड चमकते. चमकून उपयोग काय?

मे महिना आणि कूलर

वाळवायला गच्चीवर ठेवू नका, हे नागपूरकराला सांगायला नको. पण बंद गाडीत मागच्या सीटवर राहिलेल्या रेकॉर्डची वाट लागते ती याच महिन्यात. बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीच्या आत ६० च्या पुढे सहज जातं आणि तिथून विनाइल नरम पडू लागतं. वाकलेली रेकॉर्ड दोन काचांमध्ये धरून उन्हात सरळ करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. आपल्या उन्हात ती सरळ होईलही, पण उष्णता जास्त झाली की खाचाच बसतात. त्यापेक्षा घरातच दोन काचांमध्ये, वर पुस्तकांचं वजन ठेवून काही आठवडे द्या. थोडा बाक असेल तर फरक पडतो, जास्त असेल तर आशा सोडा.

रेकॉर्डचं कपाट कूलरच्या झोतासमोर नको. त्या दमट हवेनं कव्हरला बुरशी लागते आणि पावसाळ्यात ती फोफावते.

धुऊनही आवाज येतोय?

कान देऊन ऐका. 'टक्' ठरावीक अंतरानं, एल.पी.वर दर १.८ सेकंदांनी येत असेल, तर तो आडवा ओरखडा. कितीही धुवा, जाणार नाही. कुठंही, कसंही तडतडत असेल तर धूळ किंवा साबण, परत शुद्ध पाण्यानं काढा. धुतल्यावर पहिल्यांदा वाजवताना सुईवर कापसासारखा गोळा आला तर घाबरू नका, सुटलेला मळ वर आलाय. सुई मागून पुढे, म्हणजे आपल्या दिशेनं, छोट्या ब्रशनं साफ करा. शेवटच्या गाण्यात आवाज फाटत असेल तर आधी सुई तपासा. सुई चांगली असेल तर खाच झिजलेली असू शकते. ७८ ला एल.पी.ची सुई लावली असेल तर खरखर येणारच; त्या खाचा कितीतरी रुंद असतात, सुई वेगळी लागते.

पांढरट डाग धुऊन गेले तर बुरशी होती. गेले नाहीत आणि रेकॉर्ड जुन्या पीव्हीसीच्या जाड पिशवीत होती, तर त्या प्लास्टिकमधून सुटलेल्या द्रव्यानं विनाइलच खाल्लंय. त्या पिशव्या आजच काढून टाका. पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. आतला कागदी लिफाफाही बुरशी लागलेला असेल तर बदला, नाहीतर सगळी मेहनत परत त्याच घाणीत.

कव्हर

चकचकीत लॅमिनेशन असेल तर फडकं किंचित ओलं, पिळून घट्ट. साध्या कागदाचं असेल तर पाणी अजिबात नाही. पांढरा खोडरबर हलक्या हातानं, आधी कोपऱ्यात करून बघा. फाटलेल्या कडेला सेलोटेप लावू नका, पिवळी पडते आणि डिंक कागदात मुरतो. आतून कागदाची पट्टी, फेव्हिकॉलचा पातळ हात, वर बटर पेपर आणि वजन. या वेळी रेकॉर्ड आत ठेवायची नाही, हे लोक विसरतात! किमतीचं जुनं स्टिकर हेअर ड्रायरच्या कोमट हवेनं सुटतं, रॉकेल चोळलं तर कागदात तेलाचा डाग कायमचा.

'लग्नानिमित्त सप्रेम भेट' असं बॉलपेननं लिहिलेलं असेल तर ते खोडायच्या फंदात पडू नका. शाई पसरते, आणि खरं सांगायचं तर कोऱ्या कव्हरपेक्षा मला ते जास्त आवडतं.