ओपिऑइड गोळ्या सुरू असतील तर दुखण्याची वही अशी लिहा

दुखण्यावरची औषधं हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. रुग्णांनी घरी लिहिलेल्या वह्या मी सतत वाचते, आणि बऱ्याच वह्यांत नुसते आकडे असतात: ६, ७, ६, ८. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं वाईट दुखणं. ही मोजपट्टी उपयोगाचीच आहे, पण तेवढ्यावरून ट्रामाडॉल, कोडीन किंवा मॉर्फिनसारखं ओपिऑइड, म्हणजे अफूसारखा परिणाम करणारं वेदनाशामक, वाढवायचं की उतरवायचं हे ठरत नाही. दिवसभर ५ लिहिणारा माणूस जिना उतरून फिरून आला की अंथरुणातच पडून होता, ते त्या ५ मधून कळत नाही.

म्हणून आकड्याशेजारी काय जमलं आणि काय नाही तेही लिहा. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरची नोंद साधारण अशी असावी:

"सकाळी ७. पडून ४, उठताना ७. ट्रामाडॉल ५० मिलिग्रॅम. साडेआठला उठताना ५. अंघोळ स्वतः केली, केस धुता आले नाहीत, हात वर जात नाही. दुपारी गुंगी, जेवता जेवता डोळे मिटत होते. कालपासून पोट साफ नाही."

हे वाचून किती गोष्टी कळतात बघा. पडून असतानाचं आणि हालचालीचं दुखणं वेगळं लिहिलंय. गोळीने हालचालीचं दुखणं दोन अंकांनी उतरलं, पण त्यासाठी दुपार गुंगीत गेली. हात वर जात नाही, त्यावर जादा गोळीपेक्षा फिजिओथेरपी लागेल का, हे विचारता येतं. गोळीआधी एकदा आणि तास-दीड तासाने एकदा लिहिलं की हा हिशेब लागतो. दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्यांच्या किंवा पॅचच्या नोंदीच्या वेळा मात्र डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळलं असेल, तर आठवड्यातून एकदा तीन प्रश्नांना ० ते १० मध्ये उत्तर द्या: आठवड्यात सरासरी किती दुखलं, दुखण्याने जगण्यातला आनंद किती हिरावला, रोजच्या कामांत किती अडथळा आला. ही छोटी प्रश्नावली डॉ. एरिन क्रेब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडली. त्यांचाच २०१८ चा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. पाठ, गुडघा किंवा खुबा जुनाट दुखणाऱ्या २४० जणांचे दोन गट करून त्यांच्याकडे वर्षभर लक्ष ठेवलं. रोजची कामं करण्यात ओपिऑइड घेणारा गट दुसऱ्या गटापेक्षा सरस ठरला नाही, आणि दुखणं तर ओपिऑइड न घेणाऱ्यांचंच किंचित कमी भरलं. कॅन्सरच्या वेदनेला किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांना हा निष्कर्ष लावू नका. तिथे ही औषधं खरोखर लागतात आणि ती अडवून धरणं क्रूरपणा आहे.

शौचाची नोंद लाजून गाळू नका. मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र गोळी चालू असेपर्यंत राहू शकतं; रेचक सुरुवातीपासूनच विचारून घ्या. बाकीची औषधंही लिहा. झोपेच्या गोळ्या आणि दारू ओपिऑइडसोबत श्वास मंदावतात. मिश्र गोळीत पॅरासिटामॉल असेल तर वरून वेगळं घेतलेलं त्यात मिळवा, नाहीतर मर्यादा नकळत ओलांडली जाते.

हाका मारूनही माणूस जागा होत नसेल, श्वास अगदी संथ किंवा घरघरता असेल, ओठ निळसर पडले असतील, तर वही बाजूला ठेवून तातडीची मदत बोलवा. ओपिऑइडचा परिणाम उतरवणारं औषध, नॅलॉक्सोन, हाताशी असेल तर लगेच द्या.

डोस उतरवताना वही बंद करू नका. काही आठवडे रोज घेतलेली गोळी एकदम सोडली की घाम, जुलाब, नाक वाहणं, झोप उडणं आणि दुखणं उफाळणं असा त्रास होतो. शरीराला औषधाची सवय झाल्याचं ते लक्षण आहे, तेवढ्यावरून कुणी व्यसनी ठरत नाही. कोणत्या दिवशी किती मिलिग्रॅम कमी केलं आणि पुढच्या दिवसांत काय झालं ते लिहा. त्रास सोसवेना झाला तर मनाने जुना डोस सुरू करण्याआधी तेच पान डॉक्टरांना दाखवा. पुढची पायरी लहान करायची की काही दिवस तिथेच थांबायचं, हे त्यावरून ठरवता येतं.