जर्मनीला शिकायला निघताना: आधी पत्ता, मग बॅग

प्रवेशाचं पत्र आलं की घरात सर्वांत आधी बॅगेची चर्चा सुरू होते. कुकर न्यायचा का, लोणचं किती, स्वेटर इथून घ्यायचा की तिथे. मला मात्र निघणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं की बॅग शेवटच्या आठवड्यात भरली तरी चालते. जर्मनीत तुमचं सगळं अडतं ते पत्त्यापाशी. बँक, विमा, कर क्रमांक, राहण्याचा परवाना या सगळ्यांची वाट नोंदणी केलेल्या पत्त्यावरून जाते. म्हणून तयारीही त्याच क्रमाने करा.

सहा महिने आधी: कागद आणि पैसे

पहिलं काम एपीएस प्रमाणपत्राचं. भारतातून शिकायला जाणाऱ्यांच्या पदव्या तपासून हे प्रमाणपत्र दिलं जातं. 1 नोव्हेंबर 2022 पासून विद्यार्थी व्हिसासाठी ते लागतं. त्याला किती आठवडे लागतील हे आपल्या हातात नसतं, त्यामुळे विद्यापीठाच्या उत्तराची वाट न बघता अर्ज करून टाका.

त्याच वेळी नावाची तपासणी करा. आपल्याकडे दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत असतं. जर्मन कारकून पहिला शब्द हेच नाव समजू शकतो. पासपोर्टवर नाव जसं आहे, अगदी तसंच प्रत्येक अर्जात लिहा. वडिलांचं नाव पासपोर्टच्या नावाच्या रकान्यात असेल तर सगळीकडे तिथेच येऊ द्या. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असेल तरी तो इथे असतानाच दुरुस्त करून घ्या, कारण तिथून हे काम फार जड जातं.

पैशांचा पुरावा म्हणून बहुतेक जण श्पेरकोन्टो, म्हणजे गोठवलेलं खातं उघडतात. सप्टेंबर 2024 पासून विद्यार्थ्यांसाठी ही रक्कम वर्षाला 11,904 युरो आहे. ती भरतानाच पूर्ण भरायची, पण हातात येते दरमहा 992 युरो. अर्ज करताना त्या दिवसाची चालू रक्कम वकिलातीच्या संकेतस्थळावर बघा, कारण ती वाढत आली आहे. एक गोष्ट घरच्यांना आधीच समजावून सांगा: पहिला हप्ता मिळायला तिथलं बँक खातं लागतं, खात्यासाठी बऱ्याच ठिकाणी पत्त्याची नोंद मागतात, आणि तोवर घराची अनामत द्यायची वेळ आलेली असते. त्यामुळे पहिल्या महिन्याचा खर्च आणि अनामत यांची सोय श्पेरकोन्टोच्या बाहेर ठेवा.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसतं हे खरं. पण श्टुटगार्ट, कार्ल्सरुहे, हायडेलबर्ग ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहेत, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला 1,500 युरो भरावे लागतात. हिशेबात ते धरा.

भाषेबद्दल एवढंच सांगते. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी सरकारी कचेरी जर्मनमध्येच बोलते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे. किमान पहिली पातळी पूर्ण करून जा.

पत्ता शोधताना

प्रवेश नक्की झाला त्याच दिवशी श्टुडीरेन्डनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थी सेवा संस्थेच्या वसतिगृहासाठी अर्ज करा. म्युनिकसारख्या शहरांत रांग लांब असते. नाहीच मिळालं तर ‘वेगे’, म्हणजे काही जणांनी मिळून घेतलेल्या घरातली एक खोली. जाहिरातीत ‘काल्ट’ भाडं आणि ‘वार्म’ भाडं असे दोन आकडे दिसतील. काल्ट म्हणजे नुसतं घर, वार्ममध्ये घर तापवण्याचा आणि इतर देखभालीचा खर्च येतो. तुलना नेहमी वार्मची करा. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याएवढी घेता येते. कोणी जास्त मागत असेल तर तिथेच थांबा. घर न दाखवता, ‘मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ असं सांगणाऱ्याला एक युरोही पाठवू नका. आपली मुलं घाईत असतात, आणि फसवणारे नेमकी तीच घाई हेरतात.

घरमालकाला पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. विचारा, ‘इथे आनमेल्डुंग करता येईल का?’ आनमेल्डुंग म्हणजे नगर कार्यालयात पत्त्याची नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते. त्यासाठी घरमालकाने सही केलेला एक कागद हवा, नाव लांबलचक आहे: वोनुंग्सगेबर-बेश्टेटिगुंग. हा कागद देणार नाही म्हणणारी खोली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

मोठ्या शहरांत नोंदणीच्या कचेरीची वेळ लवकर मिळत नाही. बर्लिनमध्ये तर ही तक्रार नेहमीची आहे. घर ठरलं की इथूनच ऑनलाइन वेळ घेऊन ठेवा. दोन आठवड्यांनंतरची मिळाली तर आरक्षणाचा पुरावा जपून ठेवा.

आता टपालपेटी. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. तिथे घराला नंबर असतो, पण इमारतीतल्या फ्लॅटला बहुधा नसतो. पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र परत जातं. माझं कर क्रमांकाचं पत्र असंच परत गेलं, आणि पुन्हा मागवण्यात महिना गेला. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या, विम्याचं कार्ड तिसऱ्या, असं सगळं टपालाने येतं. म्हणून किल्ली हातात आली की त्याच संध्याकाळी पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर आडनाव लावा. कोणाकडे तात्पुरते राहत असाल तर पत्त्यात ‘केअर ऑफ’ लिहून त्यांचं आडनाव घाला.

बॅग भरताना

आईला वाईट वाटेल, पण साजूक तूप नेता येत नाही. युरोपीय संघाबाहेरून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. त्यात तूप, पनीर, पेढे, बर्फी सगळं आलं. ताज्या फळांना आणि भाज्यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणून हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडीही नको. नारळ, केळी, अननस, खजूर यांना त्यातून सूट आहे. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, पोहे, लसणाची चटणी बिनधास्त न्या, फक्त नीट बंद करून आणि वर नाव लिहून.

कुकर न्यायचाच तर इंडक्शनवर चालणाऱ्या तळाचा स्टीलचा घ्या. ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट, पण आपली तीन पिनांची प्लग बसत नाही. एक ॲडॅप्टर आणि त्याला जोडायला इथलाच एक एक्स्टेन्शन बोर्ड नेला की लॅपटॉप-मोबाइलचं काम भागतं. हीटर, इस्त्री त्यावर लावू नका. नेहमीची औषधं स्वतःला तीन महिने पुरतील एवढीच, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, औषधाच्या मूळ घटकाचं नाव लिहून. चष्म्याची दुसरी जोडी करा, दात दाखवून घ्या. मूळ कागदपत्रं चेक-इन बॅगेत कधीही टाकू नका.

पोहोचल्यावर

क्रम असा ठेवा: पेटीवर नाव, आनमेल्डुंग, बँक खातं, विमा आणि विद्यापीठातली नोंदणी, आणि व्हिसा संपण्याच्या पुष्कळ आधी परदेशी नागरिकांच्या कचेरीत राहण्याच्या परवान्याचा अर्ज. विद्यार्थ्यांच्या सवलतीचा सरकारी आरोग्य विमा साधारण वयाच्या तिशीपर्यंतच मिळतो. त्याहून मोठे असाल तर निघण्याआधीच पर्याय शोधा. घरी प्रसारण शुल्काचं पत्र येईल, हे शुल्क महिन्याला 18.36 युरो आहे. टीव्ही नसला तरी ते भरावं लागतं, पण घरटी एकदाच, म्हणून घरातल्यांत वाटून घ्या. रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी 112, पोलिसांसाठी 110.

तिकीट काढताना दिनदर्शिका बघा. रविवारी दुकानं बंद असतात, आणि हिवाळी सत्र ज्या दिवसांत सुरू होतं त्यातच 3 ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी येते. शनिवारी रात्री किंवा 2 तारखेला उशिरा पोहोचणार असाल तर दोन दिवसांचं खाणं हातातल्या बॅगेत ठेवा. तेही जमलं नाही तर शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकावर जा. तिथली काही दुकानं सुट्टीच्या दिवशीही उघडी असतात.