मशीनवरच्या गाईंची दगडी कशी आटोक्यात आली

आमच्याकडे वीस एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई, मशीनच्या दोन क्लस्टरवर, म्हणजे सडांना लावायच्या चार कपांच्या दोन संचांवर, दोन्ही वेळची धार. एकीची दगडी (कासदाह, कासेची सूज) बरी झाली की दुसरीची सुरू. औषधं बदलून झाली. शेवटी सीएमटीच्या (लपलेली दगडी ओळखायच्या चाचणीच्या) पॅडलमध्ये प्रत्येक सडाचं दूध तपासलं, तर वरून धडधाकट दिसणाऱ्या गाईंच्या दुधाचीही जेली होत होती, म्हणजे दगडी त्यांनाही होती. एवढ्या गाई एकदम म्हटल्यावर संशय मशीनवर गेला.

कप निघाल्यावर सडाचं टोक बघितलं. पांढरट, खरखरीत कडं, म्हणजे ओढ जास्त. व्हॅक्यूमचा काटा ५० किलोपास्कलच्या पुढे, आणि व्हॅक्यूम आवरणाऱ्या रेग्युलेटरची जाळी भुशाच्या धुळीने बुजलेली. ती साफ करून काटा ४२ वर आणला. कपातल्या रबरी नळीत, म्हणजे लायनरमध्ये, बोट फिरवलं तर भेगा लागल्या, त्यात दुधाचा चिकट थर. रबरी लायनर साधारण २५०० धारांपुरताच असतो; एका क्लस्टरवर रोज २० धारा धरल्या तर जेमतेम चार महिने. 'अजून चालतील की' म्हणणारे पुष्कळ भेटतात, ऐकू नका.

बाकी नेहमीचंच: गाठी दिसाव्यात म्हणून पहिल्या चिळकांड्या काळ्या कपात, सड कोरडे पुसून मगच कप, शेवटी सड आयोडीनमध्ये बुडवायचं (डिप). एक गोष्ट मात्र हमखास राहते. धारेनंतर सडाचं छिद्र अर्धा-पाऊण तास उघडंच असतं, म्हणून वैरण आता धार झाल्यावर टाकतो. गाय खात उभी राहते, शेणात बसत नाही. जुनाट दगडीच्या गाईची धार सगळ्यात शेवटी.

पावसाळ्यात अजून एखादी केस निघते. तेव्हा डॉक्टरांना दूध कल्चरला (जंतू ओळखायच्या तपासणीला) पाठवायला सांगतो, सडात सोडायची औषधाची ट्यूब नंतर.