आरोग्य केंद्र सुधारायचंय? मग आधी रुग्णांना नीट विचारा

तक्रारपेटी हा प्रकार डोक्यातून काढून टाका. बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत ती भिंतीला टांगलेली असते, किल्ली ज्यांच्याबद्दल तक्रार करायची त्यांच्याच खणात असते आणि आत चिठ्ठ्यांपेक्षा कोळिष्टकं जास्त निघतात. ‘दवाखान्याबद्दल मत कळवा’ असा मेसेज गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं तर त्याहून बिनकामाचं. तिथं तावातावानं बोलतात ते पुढारी, आणि स्वतः ताप आला की ते तालुक्याच्या खासगी डॉक्टरकडे जातात.

महाराष्ट्रात २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं. पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद हे पहिले पाच जिल्हे. लोकांनी आपापल्या आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं आणि ते अधिकाऱ्यांसमोर जनसुनवाईत वाचायचं, अशी ती पद्धत. प्रकल्प, निधी, संस्था यातलं काहीच पाठीशी नसलं तरी कुठल्याही गावाला ती राबवता येते.

चार-पाच माणसं जमवा. निम्म्या तरी बायका हव्यात आणि एकजण सगळ्यांत लांबच्या वाडीचा किंवा पाड्याचा हवा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून काय करणार आहात ते आधीच सांगा. परवानगी मागत बसू नका, फक्त कानावर घाला.

आता खरा अवघड टप्पा, रुग्णांना विचारण्याचा. मला या कामात सगळ्यांत जास्त छळलं ते यानंच. ‘दवाखाना कसा आहे?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘बरा आहे.’ दवाखान्याच्या ओट्यावर विचारलंत तर ‘लई चांगला’. कारण सिस्टर दारातून बघत असते आणि बाईला पुढच्या आठवड्यात नातवाच्या लसीसाठी परत तिथंच यायचं असतं. अशा उत्तरांचे शंभर फॉर्म गोळा केलेत तरी ती रद्दीच.

म्हणून दवाखान्याच्या आवारात विचारायचंच नाही. घरी जा, नाहीतर बाजाराच्या दिवशी किंवा रेशनच्या रांगेत गाठा. आणि आशाताईंना हे काम सांगू नका. त्या मनानं कितीही चांगल्या असल्या तरी त्यांचा मोबदला ज्यांच्या सह्यांनी निघतो त्यांच्याविरुद्धची गोष्ट त्यांनी लिहून आणावी, ही अपेक्षाच चूक. लोकही त्यांच्यासमोर मोकळे होत नाहीत.

मत विचारू नका, मागची खेप विचारा. ‘मावशी, शेवटचं कधी गेला होतात? कुठल्या गाडीनं? पोचलात तेव्हा डॉक्टर होते का? तपासायला किती वाजता घेतलं? गोळ्या तिथंच मिळाल्या की बाहेरून आणल्या? कुणाला काही पैसे द्यावे लागले?’ शेवटचा प्रश्न टाळू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे, आणि हे अजून निम्म्या घरांना माहीत नसतं.

मग म्हणा, ‘केसपेपर आहे का घरात?’ तो बहुतेक वेळा असतो, कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्डाशेजारी. तो उलगडून नीट बघा. चार औषधं लिहिलेली, त्यातल्या दोनांपुढं बरोबरची खूण. उरलेली दोन एका वेगळ्या चिठोऱ्यावर, त्यावर ना शिक्का ना सही, आणि त्यालाच टाचलेलं मेडिकलचं बिल. मावशींच्या मते दवाखाना ‘बरा’च असतो, बोलतो तो हा चिठोरा. तारीख, औषधाचं नाव, बाहेर गेलेले रुपये, एवढं उतरवून घ्या.

आणखी एक ताकीद. नाव लिहिलं नाही म्हणजे माणूस झाकला गेला, असं समजू नका. ‘कुत्रं चावलेली अमुक वाडीतली म्हातारी’ एवढ्यावरून नर्सबाई तिचं घर सांगतील. वाडी, वय, आजार यातलं एकच काहीतरी ठेवा. एकदा का एखाद्या पेशंटला ‘तूच सांगितलंस ना?’ असं कुणी खिडकीवर सुनावलं, की त्या गावात पुन्हा कुणी तोंड उघडत नाही.

चाळीसेक घरं झाली की तक्रारींचे तीन ढीग करा. पहिला, डॉक्टर उद्यापासून बदलू शकतील असं: रांग, बोलण्याची तऱ्हा, औषधसाठ्याचा फलक रोज पुसून लिहिणं. दुसरा, रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून होईल असं: बाक, पिण्याचं पाणी, बायकांच्या संडासाची कडी. या समितीला वर्षाला पावणेदोन लाखांपर्यंत अबंधित, म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे खर्चता येणारा, निधी असतो आणि वैद्यकीय अधिकारी तिचे सचिव असतात. तिसरा ढीग रिक्त पदं आणि न आलेल्या औषधांचा. तो तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे न्या. लॅब टेक्निशियनची जागा रिकामी आहे म्हणून डॉक्टरला धारेवर धरणारे लोक मी पाहिलेत. डॉक्टर दुखावतो आणि जागा रिकामी ती रिकामीच.

बोट दाखवण्याआधी कारण माहीत करून घ्या. रेबीजची लस कातडीत द्यायची तर एका बाटलीत अनेकजण होतात आणि फोडलेली बाटली काही तासांतच संपवावी लागते. म्हणून ‘उद्या या, अजून दोघं आले की फोडू’ असं सांगितलं जातं. यामागची अडचण खरी आहे, तरीही चावलेल्या माणसाचा पहिला डोस टाळायचा नसतो. तेव्हा तक्रार ‘लस देत नाहीत’ अशी न मांडता मागणी करा: पहिल्या डोसाला कुणालाही परत पाठवायचं नाही, बाटली वाया गेली तरी.

मग वैद्यकीय अधिकाऱ्यांसोबत बैठक घ्या. तिथं एका पानापेक्षा जास्त वाचू नका. सुरुवात जे चांगलं चाललंय त्यापासून करा. बाळंतपणं रात्रीही होत असतील तर ते आधी सांगा. मग पहिल्या ढिगातल्या तीनच गोष्टी, प्रत्येकीपुढं तारीख. इतिवृत्तात आल्याशिवाय उठू नका.

तीन महिन्यांनी त्याच घरांत परत जा आणि तेच प्रश्न विचारा. बाहेरची चिठ्ठी अजून चालू असेल तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्यात ‘औषधे का मिळत नाहीत?’ असं लिहू नका, त्याला उत्तर येत नाही. त्या तीन महिन्यांच्या औषध साठा नोंदवहीची प्रत मागा. तीस दिवसांत ती द्यावी लागते, आणि मावशींच्या केसपेपरवरची तारीख त्या नोंदवहीशी लावून बघता येते.