कोंबडीने मान टाकण्याआधी

पुण्यात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत. टॉवेलात गुंडाळलेली कोंबडी घेऊन गेलं की मात्र बरेचदा "पक्ष्यांचं आम्ही बघत नाही" एवढंच ऐकायला मिळतं. म्हणून घरी कोंबड्या पाळत असाल तर आजारपणाआधीची पहिली तयारी फोनची. कोंबडी बघणारा पशुवैद्य कोण आणि तो रविवारी फोन उचलतो का, हे सगळ्या कोंबड्या धडधाकट असतानाच विचारून ठेवा. जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, १९६२ हा पशुसंवर्धनाचा टोल फ्री नंबर आणि औंधचा जनावरांच्या रोगांची तपासणी करणारा रोग अन्वेषण विभाग या तिन्हींची नोंद खुराड्याच्या दाराशीच लावा.

दुसरी तयारी वेगळ्या जागेची. कोंबडी आजार लपवते, कारण एक मलूल झाली की बाकीच्या तिला टोचून काढतात. आपल्या लक्षात येतं तेव्हा दोनतीन दिवस उलटून गेलेले असतात, आणि मग रात्री नऊला खोका शोधत बसायला वेळ नसतो. मांजर न्यायचा पिंजरा किंवा मोठं डालगं चालेल. तळाला तूस नको, वर्तमानपत्र घाला. शीट कशी पडते ते दिसायला हवं. कोंबडीच्या अंगाचं तापमान एरवीच ४१ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे आजारी कोंबडी लवकर गारठते. एका टोकाला ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा, दुसरं टोक मोकळं ठेवा, म्हणजे उकडलं तर तिला सरकता येईल. उथळ वाटीत इलेक्ट्रॉलचं पाणी ठेवा. घशात पाणी ओतायच्या फंदात पडू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावला की ती आपणहून गिळते.

त्याआधी ती खरंच आजारी आहे ना, हे बघा. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडीही पिसं फुगवून दिवसभर बसते, पण हात घातला की गुरगुरते आणि टोचते. आजारी कोंबडी मुकाट उचलू देते. गळ्याखालची पिशवी पहाटे चाचपा: रात्रभर उपाशी असूनही ती भरलेली, कणकेसारखी लागली तर अन्न तुंबलंय. छातीचं हाड सुरीसारखं लागलं तर वजन बरेच दिवस उतरतंय, आणि मग जंतांचा संशय घ्यायचा.

जंताच्या औषधाची बाटली आणण्याआधी एक झाकणाची डबी आणा. चारपाच कोंबड्यांची सकाळची ताजी शीट त्यात घ्या, फ्रीजरमध्ये न ठेवता नुसती गार ठेवा आणि त्याच दिवशी तपासायला द्या. हा हेलपाटा वाचवू नये असं माझं ठाम मत आहे. रक्ताळ शीट बघून लोक जंताचं औषध देतात. ते बहुधा कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींचं काम असतं, त्यांचं औषध निराळं. पट्टकृमी, म्हणजे चपटे जंत, मुंग्या आणि भुंगेरे खाण्यातून येतात, त्यांच्यावर पिपराझिन हे जंताचं औषध चालत नाही. पिपराझिन मोठ्या गोल जंतांपुरतं. फेनबेंडाझोल पिसं गाळण्याच्या दिवसांत नको, नवी पिसं वेडीवाकडी येतात.

मग काटा. पिशवीत कोंबडी घालून लटकवायचा साधा काटा पुरतो. गावठी दीड किलोची आणि गिरिराज जातीची तीन किलोची असेल तर दोघींना सारखा डोस कसा चालेल? आमच्या डॉक्टरांनी अल्बेंडाझोल किलोला १० मिलिग्रॅम सांगितलं होतं. अडीच टक्क्यांच्या बाटलीत एका मिलीला २५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे दीड किलोच्या कोंबडीला ०.६ मिली. त्यासाठी बिनसुईची एक मिलीची सिरिंज हवी, चमचा नव्हे. बादलीत औषध कालवणं सोपं, हे खरं. मीही एका जुलैत तेच केलं. औषधाचं पाणी दिवसभर तसंच राहिलं आणि कोंबड्यांनी कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेलं पावसाचं पाणी पिऊन घेतलं. तेव्हापासून संध्याकाळी त्या खुराड्यातल्या दांडीवर बसल्या की एकेकीला उचलून चोचीत देते.

औषधाच्या आदल्या दिवशी नवं तूस आणि चुना आणून ठेवा. गोल जंतांची अंडी ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे जुनं तूस तसंच ठेवून दिलेला डोस म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. शेजारच्या काकू लसूण आणि पपईच्या बिया सुचवतात. द्या हवं तर, पण डोसाऐवजी नको. कोणाच्या पोल्ट्रीवरून उरलेलं अँटिबायोटिक मात्र अजिबात नको.

एक-दोन दिवसांत पटापट कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, माना वळल्या तर यातलं काहीच करायचं नाही. मानमोडी (राणीखेत) असेल किंवा बर्ड फ्लू. २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला, तो आला होता. हातमोजे आणि मास्क घाला, मेलेली कोंबडी कापू नका, कचऱ्यात टाकू नका, आधी फोन करा.

शेवटी कॅलेंडर आणि पेन्सिल. डोसाची तारीख, दुसऱ्या डोसाची तारीख, आणि डॉक्टरांना विचारून अंडी पुन्हा कधीपासून खायची ती तारीख मांडा. तोवरच्या प्रत्येक अंड्यावर फुली मारा, नाहीतर सकाळी घाईत कुणीतरी त्याचंच ऑम्लेट करतं.